ओढ्याकाठी औषध मारताना: टेप कुठून धरायचा आणि बाकीचं सगळं

ओढ्यापासून किती मीटर सोडून औषध मारायचं, सगळे एवढंच विचारतात. ५ की १०, एक आकडा सांगा आणि मोकळं करा. मलाही आधी तसंच वाटायचं. पण नुसता आकडा सांगून काही होत नाही, कारण टेपचं टोक कुठं धरायचं हेच बऱ्याच जणांनी ठरवलेलं नसतं. ते एकदा कळलं की निम्म्या चुका तिथंच थांबतात, म्हणून आधी तेच घेऊ.

पाणी कुठं सुरू होतं

बहुतेक लोक पाण्याच्या कडेपासून मोजतात, म्हणजे आज जिथं पाणी दिसतंय तिथून. हे चूक. ब्रिटनमधे ट्रॅक्टरच्या बूम स्प्रेअरसाठी (बूम म्हणजे नोझल लावलेली लांब आडवी दांडी) जो ५ मीटरचा नियम कित्येक वर्षं वापरात आहे तो काठाच्या वरच्या कडेपासून मोजतात, म्हणजे जिथं सपाट जमीन संपते आणि उतार खाली पाण्याकडे सुरू होतो तिथून. कारण साधं आहे, उतारावर पडलेलं औषध थांबत नाही, पहिल्या सरीला खाली जातं. आता काठाचा उतार ३ मीटरचा असेल आणि तुम्ही पाण्यापासून ५ मीटर धरले तर खरं अंतर उरलं फक्त २ मीटर. प्रत्येक देशात मोजायची पद्धत हीच असेल असं नाही, आपल्याला लागू असलेल्या नियमात कुठून मोजायचं ते लिहिलेलं असतं ते बघायचं, पण शंका असेल तर काठाच्या वरच्या कडेपासून धरा, त्यात नुकसान कुणाचंच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरडा चर. त्याच ब्रिटिश नियमात कोरड्या चरालासुद्धा १ मीटर सोडावा लागतो, आणि हे वाचून मला पूर्वी हसू यायचं, कोरड्या चरात कसलं आलंय पाणी! मग एकदा मीच तसा एक चर बघितला, तळाला भेगा पडलेल्या, वाळलेलं गवत, आणि म्हटलं काही होत नाही, पंप बंद न करता त्याच्यावरून सरळ पुढे गेलो. दोन दिवसांनी पाऊस आला. चर जिथं तळ्याला मिळतो तिथं सकाळी बघतो तर कडेच्या गवतात बेडकांची पिल्लं अडकलेली, पांढरी पोटं वर, आणि पाण्यावर एक पातळ फेसाळ पट्टा थेट चराच्या तोंडापासून आत गेलेला. पाणी कुठून आलं हे शोधायचीही गरज नव्हती, पट्टाच बोट दाखवत होता. तेव्हापासून चर कोरडा असो नाहीतर भरलेला, माझ्या नकाशावर तो निळाच.

नकाशा म्हणजे काही फार मोठं काम नाही. एका जोरदार पावसानंतर लगेच छत्री घेऊन शेताला एक चक्कर मारायची आणि पाणी कुठून कुठं धावतंय ते कागदावर काढायचं. कोरड्या दिवशी ज्या जागा लक्षातही येत नाहीत त्या तेव्हा दिसतात: चाकोरीतून वाहणारं पाणी, बांध फुटलेली जागा, रस्त्याखालचा मोरीचा पाइप, जमिनीखालून टाकलेल्या निचऱ्याच्या नळ्यांची तोंडं, विहिरीच्या कडेची खचलेली माती. यातली प्रत्येक जागा म्हणजे ओढ्याचाच हात. निचऱ्याच्या नळ्या तर फारच फसव्या, वरून बघितलं तर ओढा २०० मीटर लांब आहे आणि खालून नळीने औषध थेट त्यात. आणि हो, फरशी, काँक्रीट, गटाराच्या जाळ्या यांच्या आसपास तणनाशक मारत असाल तर तिथं मुरायला माती नसते, म्हणजे गटार जिथं जातं तिथं तुमचं औषध जातं.

लेबल म्हणजेच कायदा

अमेरिकेत एक वाक्य औषध मारणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, लेबल हाच कायदा. तिथल्या १९४७ च्या कायद्याखाली लेबलच्या विरुद्ध वापर हाच गुन्हा आहे. भारतात कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे, त्यातही नोंदणी, लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक यांच्यावरच सगळा डोलारा उभा आहे. देश कुठलाही असो, पाण्याजवळच्या वापराचा पहिला नियम बाटलीवरच असतो आणि तो आपण वाचत नाही कारण अक्षर मुंगीएवढं असतं. मोबाइलने फोटो काढा, मोठा करा, वाचा. घडी घातलेलं माहितीपत्रक बहुतेक वेळा खोक्याबरोबर कचऱ्यात जातं, तेच जपून ठेवायचं असतं.

काय शोधायचं तर आधी चित्र. पांढऱ्या चौकोनात लाल कड आणि आत मेलेलं झाड नि उलटा मासा असेल तर ते औषध पाण्यातल्या जिवांना घातक आहे, ही खूण बऱ्याच देशांत सारखीच आहे. भारतातल्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण वेगळा, आणि इथं मोठी गल्लत होते. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम तोंडातून किंवा कातडीतून गेल्यावर ते किती विषारी यावर ठरतो. माशाचा त्यात काहीच संबंध नाही. त्यामुळे हिरवा त्रिकोण आहे म्हणजे ओढ्याकाठी बिनधास्त मारा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या, माणसाला त्याचा विषारीपणा अगदी कमी, पण पाण्यातल्या डॅफ्नियासारख्या बारीक कवचवाल्या जिवांना ते फार थोड्या मात्रेत मारतं. आणि सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या घराण्यातली औषधं तर माशांना एका लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या आसपासच घातक ठरतात, म्हणजे एक ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

चित्रानंतर शब्द शोधायचे. पाणी, मासे, जलचर, ओढा, तळं, विहीर, यातला एकही शब्द दिसला की ते वाक्य पूर्ण वाचायचं. कधी तिथं थेट मीटर दिलेले असतात, कधी नुसतं पाण्यात जाऊ देऊ नये असं मोघम असतं, कधी एका पिकाला एक अंतर आणि दुसऱ्याला वेगळं. फळबागेचं अंतर जवळजवळ नेहमीच जास्त असतं कारण तिथं फवारा वर आणि आडवा मारतो, जमिनीकडे नाही.

आणखी एक, औषधाचं नाव तेच म्हणून नियम तोच असं नसतं. ग्लायफोसेट हे तणनाशकच घ्या. पाण्यातल्या तणासाठी ज्याला परवानगी आहे ते आणि शेतातलं नेहमीचं, दोन्हींत मूळ घटक एकच, पण शेतातल्या काही मिश्रणांत पानाला चिकटायला जो साबणासारखा पदार्थ घातलेला असतो तोच मासे आणि बेडकांना मूळ घटकापेक्षा जास्त त्रासदायक ठरतो. म्हणजे वरून वेगळं स्टिकर, म्हणजे असाच चिकटवणारा पदार्थ, मिसळताना त्याचंही लेबल वाचावं लागतं. हे मी कित्येक जणांना सांगितलं, ऐकणारे दोनच निघाले, पण असो.

मग आकडा कुठला धरायचा

आता आकडे. फ्रान्समधे पाण्यालगत कमीत कमी ५ मीटर, आणि औषधानुसार २०, ५० किंवा १०० मीटर. जर्मनीत २०२१ पासून साधारण १० मीटर, पण काठाला कायमचा हिरवा पट्टा असेल तर ५. अमेरिकेत वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत सॅमन माशांच्या नद्यांसाठी २००४ मधे कोर्टानेच काही ठराविक औषधांना अंतर घालून दिलं, जमिनीवरून फवारणी असेल तर २० यार्ड आणि विमानातून असेल तर १०० यार्ड, म्हणजे अंदाजे १८ आणि ९१ मीटर. एकाच नदीकाठी एकच औषध, पण जमिनीवरून आणि वरून यात पाचपट फरक, यावरून फवारा किती उंचीवरून सुटतो त्याला किती महत्त्व आहे ते कळतं. युरोपियन युनियनने तर २००९ च्या आपल्या निर्देशात विमानातून फवारणीच मुळात बंद केली, अपवाद सोडून.

तुमच्या जागेला बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त नियम लागू असतात: लेबलचा, देशाच्या किंवा राज्याच्या कायद्याचा, आणि पिण्याच्या पाण्याचा उपसा जवळ असेल तर त्या संरक्षित पट्ट्याचा. पद्धत सोपी ठेवा, तिन्हींपैकी सगळ्यात मोठं अंतर धरा. उलटं करू नका, म्हणजे कायद्यात ५ आहे म्हणून लेबलवरचे २० विसरायचे, असं चालत नाही.

आणि पाण्याजवळ नाही तर थेट पाण्यातच मारायचं असेल, म्हणजे डासांच्या अळ्या, पाणवनस्पती, कालव्याच्या काठाचं तण, तर तो वेगळाच विषय, तिथं नुसतं अंतर पाळून भागत नाही, परवानगी लागते. अमेरिकेत २००९ च्या एका कोर्टाच्या निकालानंतर ३१ ऑक्टोबर २०११ पासून अशा कामाला स्वच्छ पाणी कायद्याखालचा परवाना लागतो. आधी अर्ज, मग पंप.

फवारणीच्या दिवशी

वारा हा विषय सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण अर्धाच माहीत असतो. जोराचा वारा वाईट हे कळतं. अजिबात वारा नसणं त्याहून वाईट असू शकतं हे कळत नाही. संध्याकाळी आभाळ निरभ्र, पान हलत नाही, सगळे म्हणतात वा काय छान वेळ आहे, पण तेव्हा जमीन झपाट्याने गार होत असते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम, आणि बारीक थेंब खाली न बसता त्या थंड थरात तरंगत राहतात नि हळूहळू सखल भागाकडे सरकतात. सखल भागात काय असतं, तर ओढा. ओळखायचं कसं, थोडा धूर करून बघा, धूर वर जाऊन विरला तर ठीक, चादरीसारखा आडवा पसरला तर पंप खाली ठेवा. सकाळी धुकं आणि दव असतानाही हाच घोळ. हलका, एका दिशेने स्थिर आणि पाण्यापासून उलट्या बाजूला जाणारा वारा सगळ्यात चांगला, बऱ्याच लेबलांवर साधारण ताशी ५ ते १६ किलोमीटरची मर्यादा दिसते.

थेंबाचा आकार तर सगळ्यात स्वस्तातला उपाय. साधारण १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, ३ मीटर खाली यायला १० सेकंदांच्या आसपास घेतो, ४०० मायक्रॉनचा २ सेकंदात येतो. त्या जादा ८ सेकंदांत वारा त्याला कुठं नेईल याचा विचार करा. म्हणून काठालगतच्या पट्ट्यात जाड थेंबाचं नोझल, शक्यतो हवा ओढून घेणारं, दाब कमी, बूम पिकाच्या वर अर्धा मीटरच्या आसपास आणि चाल हळू. ब्रिटनमधे तर असं कमी उडणारं नोझल वापरलं आणि नोंद ठेवली तर काही औषधांसाठी ५ मीटरचं अंतर कमी करून मिळतं. झिजलेलं नोझल मात्र फेकूनच द्या, तारेने टोकरून भोक मोठं करणारे महाभाग मी बघितलेत.

शेवटची ओळ पाण्याच्या बाजूने घ्यायची आणि नोझल आत, पिकाकडे वळवून. पाठीवरचा पंप असेल तर पाण्याकडे पाठ करून चाला, तोंड करून नाही. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर औषध वायाच जाणार, वर ओढ्यातही जाणार, मग मारताय कशाला.

टाकी भरणं आणि धुणं

सगळ्यात जास्त गडबड इथं होते आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. शेतात अंतर मोजून मारणारा माणूस टाकी मात्र ओढ्याच्या कडेलाच भरतो, कारण पाणी तिथं आहे.

एक हिशोब करून दाखवतो. लिटरला ५०० ग्रॅम मूळ घटक असलेलं औषध, झाकण उघडताना आतलं चंदेरी सील काढलं आणि त्यावरचा एक थेंब खाली पडला. थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर त्यात २५ मिलिग्रॅम मूळ घटक. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५. म्हणजे तो एक थेंब अडीच लाख लिटर पाणी मर्यादेवर नेऊन ठेवतो. १ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल ओढा धरला तर ८०० मीटरपेक्षा जास्त लांबीचा ओढा, एका थेंबात. ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे, एवढ्याने मासे मरतीलच असं नाही, पण आपण सील कुठं टाकतो ते आठवा.

तर पाणी टाकीपर्यंत आणा, टाकी पाण्यापर्यंत नेऊ नका. मिश्रण ओढा, विहीर, चर यांच्यापासून लांब, मुरणाऱ्या मातीवर किंवा कड असलेल्या फरशीवर करा. पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात कधीही बुडवायचं नाही, वर वीतभर मोकळी हवा राहू दे, नाहीतर मोटर बंद पडली की तोच पाइप उलटा ओढून टाकीतलं सगळं औषध विहिरीत पाठवतो. हे ऐकीव वाटतं पण शाळेत सायफनचा प्रयोग केलेल्या कुणालाही पटेल. आणि टाकी भरताना फोनवर बोलत लांब जायचं नाही, ओसंडून गेलेलं गोळा करता येत नाही.

रिकामी बाटली पाव ते तिसरा हिस्सा पाण्याने भरून झाकण लावून अर्धा मिनिट हलवायची, ते पाणी टाकीतच ओतायचं, ठिबकणं थांबेपर्यंत धरायची, असं तीन वेळा. मग बाटलीला भोकं पाडायची म्हणजे कुणी तिच्यात प्यायचं पाणी भरणार नाही. पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर, आधी थोडी कमी मारलेली जागा ठेवून तिथं मारून टाका, लेबलच्या डोसच्या वर जाऊ न देता. रोजचंच काम असेल तर जैविक खड्डा करता येतो, स्वीडनमधे १९९३ मधे पहिला झाला, दोन भाग पेंढा, एक भाग पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), एक भाग माती, वर गवत. धुतलेलं पाणी त्यात सोडलं की पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशी आणि जिवाणू औषधाचा फडशा पाडतात.

साठवणीची खोलीही पाण्यापासून लांब आणि उंबरा असलेली हवी. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधे बासेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणीच औषधं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं, नदी लाल झाली आणि ईल मासे लांबपर्यंत मेले. आग विझवली, पण ते पाणी अडवायला जागाच नव्हती.

गवताचा पट्टा

काठावर दाट गवताचा पट्टा ठेवा असं सगळीकडे सांगतात, ठेवाच. पण तो काय करतो हे कळलं पाहिजे. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मातीच्या कणाला घट्ट चिकटतात, पट्ट्यात माती अडली की औषधही अडलं. ॲट्राझिनसारखी तणनाशकं पाण्यात विरघळून चालतात, त्यांना गवत तेवढं अडवत नाही, जेवढं पाणी पट्ट्यात मुरेल तेवढंच वाचलं. आणि पाणी पट्ट्यातून पसरून न जाता एकाच घळीतून जात असेल तर पट्टा ५ मीटरचा असो नाहीतर ५० चा, उपयोग शून्य. घळ दिसली की आधी ती बुजवा. त्या पट्ट्यावर तणनाशक मारू नका, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

सांडलंच तर, आणि वही

सांडलं तर आधी पसरणं थांबवा, माती, लाकडाचा भुसा, जे हाताशी असेल त्याचा बांध घाला, पाण्याने धुवू नका. पाण्यात गेलंच असेल तर खालच्या अंगाला पाणी उपसणाऱ्यांना आणि प्रदूषणाचं बघणाऱ्या खात्याला लगेच फोन करा, लपवून काही मिळत नाही, पाणी सगळं सांगतं.

मासे मेलेले दिसले तर लगेच औषधावर शिक्का मारू नका. पहाटे मेले, मोठे मासे आधी, आणि बाकीचे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, तर बहुधा पाण्यातला ऑक्सिजन संपलाय. लहानमोठे सगळे एकदम, किंवा मासे ठीक पण पाणकिडे आणि कोळंबी उलटी पडलेली, तर कीटकनाशकाचा संशय धरा. नमुना काचेच्या गडद बाटलीत, काठोकाठ भरून, थंड आणि अंधारात ठेवायचा, एक घटनेच्या वरच्या अंगाचा आणि एक खालचा, दोन्हींवर वेळ लिहून. मेलेल्या माशाला हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

वहीत काय लिहायचं: तारीख, सुरू आणि बंद केल्याची वेळ, औषधाचं नाव आणि बॅच, डोस, नोझल आणि दाब, वाऱ्याची दिशा आणि अंदाजे वेग, काठाच्या वरच्या कडेपासून सोडलेलं अंतर. हे सगळं लगेच, बांधावर बसूनच लिहायचं. घरी जाऊन लिहिलं की वारा नेहमीच मंद असतो.